चौथी कुपी आणि पाचवी कुपी

प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतात, की खूण कुपीच्या अंगावर करायची, झाकणावर करायची नाही. झाकणं सगळी सारखी असतात. दोन कुप्या एकदम उघडल्या की कोणतं झाकण कुणाचं, हे देवालाही सांगता येत नाही. मलाही सांगितलं होतं. मी मान डोलावली होती आणि पुढे चार वर्षं झाकणांवरच लिहीत राहिले. आमचे नमुने टोल्युइन नावाच्या द्रावकात ठेवलेले असत. टोल्युइनचा एक थेंब बाहेरून ओघळला, की काचेवरची मार्करची शाई पुसून जाई. कागदी पट्टी चिकटवून त्यावर पेन्सिलीने लिहिणं, हा त्यावरचा उपाय. त्याला प्रत्येक कुपीमागे अर्धं मिनिट जास्त लागतं. मी त्या अर्ध्या मिनिटाचा कंटाळा केला.

बाबांना जाऊन आता काही महिने झाले. हे लिहायला मी त्या आधीच बसायला हवं होतं. आता रोज दोन-चार ओळी होतात, कधी तेवढ्याही होत नाहीत.

माझं काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे चूक कळेल. अर्धवाहक पदार्थाचे अतिशय बारीक कण, साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही न दिसणारे, गरम तेलकट द्रवात वाढवायचे. त्यांना क्वांटम डॉट म्हणतात. काचेच्या चंबूत एक द्रावण तापत ठेवायचं, त्यात दुसरं एका झटक्यात सोडायचं आणि घड्याळ लावायचं. पहिल्या काही सेकंदांतच कण तयार होतात आणि वाढायला लागतात. लहान असतात तोवर ते अतिनील दिव्याखाली हिरवे चमकतात. वाढत गेले की पिवळे होतात, मग नारिंगी, शेवटी लाल. पदार्थ तोच असतो, रंग बदलतो तो फक्त आकारामुळे. ठरलेल्या वेळांना सुईने थोडा थोडा द्रव काढून थंड टोल्युइनमध्ये सोडायचा, म्हणजे त्या थेंबातली वाढ तिथेच थांबते. अशी कुप्यांची एक रांग तयार होते. मग एकेकीतून प्रकाश पाठवायचा, कोणता रंग आत शोषला गेला आणि कोणता बाहेर पडला ते यंत्रावर पाहायचं, आणि त्यावरून कण किती वाढले ते काढायचं. सुरुवातीला वाढ भराभर होते, नंतर मंद. त्यामुळे रांगेतल्या पुढच्या कुप्यांचे रंग एकमेकांच्या फार जवळ येतात.

बाबा पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झालेले. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातून ते भिलाईला आले आणि त्यांची सगळी नोकरी पोलाद वितळवण्याच्या शॉपमध्ये, म्हणजे त्या विभागात, गेली. टोपीला लावलेली निळी काच डोळ्यांवर ओढून भट्टीच्या तोंडात पाहायचं, हे त्यांचं काम. तापमान मोजणारी नळी आत जाण्याआधीच ते आकडा सांगत आणि तो फारसा चुकत नसे. हे मला त्यांच्या शिफ्टमधल्या माणसांकडून कळलं. बाबा स्वतः होऊन कधी बोलले नाहीत.

मी संशोधनाला लागले तेव्हा त्यांनी एकदा विचारलं, "दिवसभर काय करून राहिली तू तिथं?"

"कण वाढवते, बाबा. रंगावरून किती मोठे झाले ते पाहते."

"म्हणजे मी जे करत होतो तेच की," ते म्हणाले. "आमी टनानं केलं, तू कणानं करून राहिली."

"पगारबी कणानंच भेटते तिले," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

निवृत्तीनंतर आम्ही सेक्टरमधलं प्लांटचं क्वार्टर सोडून खुर्सीपारला दोन खोल्यांच्या घरात आलो. घरापासून चार गल्ल्या टाकून एक लहानसा कारखाना होता. तिथे छिन्न्या, पहारी, पाने बनत आणि बोथट झालेली हत्यारं धार लावायला येत. बाबा रोज दुपारी चहा झाला की तिथे जाऊन बसत. प्लांटमध्ये लागण्याआधी एक वर्ष त्यांनी गावी लोहाराच्या हाताखाली काढलं होतं, त्यामुळे छिन्नीला पाणी कसं द्यायचं हे त्यांना नीट ठाऊक होतं. तापवून विझवलेली छिन्नी घासून चकचकीत करतात आणि मागून पुन्हा हलकी ऊब देतात. मग तिच्या अंगावर रंग चालायला लागतात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. धारेपाशी हवा तो रंग पोचला की तत्क्षणी पाण्यात बुडवायची. आधी बुडवली तर धार तुटते, उशिरा बुडवली तर वाकते. तो क्षण बाबा सांगत. कारखान्याचा मालक उत्तर प्रदेशातला, बाबांहून वयाने बराच लहान. तो सांडशीत छिन्नी धरून उभा राही आणि बाबा स्टुलावरून नुसतं "हां" म्हणत.

भट्टीसमोर आयुष्य काढलेल्यांना मोतीबिंदू लवकर होतो, हे आमच्या भागात घरोघरी माहीत आहे. बाबांना दोन्ही डोळ्यांत होता. उजव्याचं ऑपरेशन आधी केलं, डाव्याचं तीन महिन्यांनी करायचं ठरलं. पट्टी निघाल्यावर बाबा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. मग एक डोळा झाकून, दुसरा झाकून, सगळ्या घरात फिरले. "या डोळ्यानं चुना पांढरा दिसते," म्हणाले, "अन् या डोळ्यानं चहा सांडल्यावानी." डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं होतं, की असं होतं. जुनं भिंग पिवळं पडलेलं असतं, ते निळा प्रकाश अडवतं. नवं भिंग स्वच्छ असतं. दोन डोळ्यांत फरक वाटला तर घाबरू देऊ नका, नवा डोळाच बरोबर पाहतोय म्हणून सांगा. मी हसून मान हलवली होती. कोणता पदार्थ कोणता प्रकाश अडवतो, याच्यावर तर माझा सगळा प्रबंध उभा होता.

त्यानंतर महिन्याभराने आमच्या संस्थेत एक दिवस घरच्यांसाठी प्रयोगशाळा उघडी ठेवली होती. मी काळ्या पेटीत अतिनील दिव्याखाली आठ कुप्यांची रांग मांडली. हिरव्यापासून लालपर्यंत. झाकणांवर एक ते आठ आकडे. लोक येत, वाकून पाहत, मोबाइलवर फोटो काढत आणि पुढे जात. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच आले होते, आईचे गुडघे दुखत होते म्हणून. माझे मार्गदर्शक सर तिथेच उभे होते. बाबांनी त्यांना नमस्कार केला आणि पेटीपुढे वाकले. ते बाकीच्यांसारखे लगेच उठले नाहीत. डावा डोळा तळहाताने झाकून त्यांनी रांगेवरून नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली, आणि पुन्हा आणली.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हे चौथं अन् पाचवं उलटं लागलं काय? चौथं पुढं गेलेलं दिसते. पाचवं मागं हाय."

मी पाहिलं. मला दोन्ही कुप्या सारख्याच नारिंगी दिसल्या. झाकणांवर चार आणि पाच लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात.

सरांनी विचारलं, "क्या कह रहे हैं बाबूजी?" मी सांगितलं. सर चांगले होते, थट्टा करणारे नव्हते. ते म्हणाले, "बाबूजी, आँख से इतना बारीक फर्क पकड़ में नहीं आता. इसी के लिए तो मशीन है."

"तसं नाई सर," बाबा मराठीतच म्हणाले, मग हिंदीत वळले, "चार नंबर ज़्यादा पका हुआ है."

मागे दोन-तीन माणसं थांबली होती. कुणीतरी हसलं. बाबांना बहुधा ऐकूही गेलं नसेल. पण मला ते हसू झोंबलं. मी सरांकडे पाहून म्हणाले, "सर, इनका अभी मोतियाबिंद का ऑपरेशन हुआ है. कलर में गड़बड़ होती है इनको."

ते वाक्य मी हिंदीत बोलले, कारण ते बाबांसाठी नव्हतं. ते शेजारी उभे होते आणि मी त्यांच्याविषयी बोलत होते, एखाद्या बिघडलेल्या उपकरणाविषयी बोलावं तसं. चाळीस वर्षं हिंदीत नोकरी केलेल्या माणसाला ते कळणार नाही, असं मला वाटलं नव्हतं. मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. फक्त तो प्रसंग संपावा एवढंच हवं होतं.

बाबा सरळ उभे राहिले. त्यांनी उजवा डोळा झाकून पाहिलं, मग डावा झाकून. "हो सकता है," म्हणाले. मग समोसा आणि चहाची सोय होती तिकडे गेले.

आठवड्याभराने मी त्याच रांगेचा वर्णपट पुन्हा घ्यायला बसले. चार नंबरच्या आलेखाचं टोक पाचच्या पुढे, लाल बाजूला गेलेलं होतं. मी पुन्हा घेतला, तोच आला. जुन्या नोंदी काढल्या. पहिल्या दिवशीच्या मापात चार मागे आणि पाच पुढे होतं, जसं असायला हवं तसं. म्हणजे मधल्या काळात कधीतरी मी दोन्ही कुप्या एकदम उघडल्या होत्या आणि झाकणं अदलाबदल करून लावली होती. बाबांनी सांगितलं होतं तसंच होतं. त्यांनी एका डोळ्याने, दोन श्वासांत सांगितलं होतं.

मी झाकणं बदलली. पट्ट्या चिकटवल्या, पेन्सिलीने आकडे घातले. वहीत लिहिलं: नमुना चार व पाच, खुणा दुरुस्त केल्या. कुणाचंही नुकसान झालं नाही. प्रबंधात सगळं बरोबर गेलं. सरांना मी सांगितलं नाही, कारण मग झाकणावर लिहीत होते हेही सांगावं लागलं असतं.

आणि घरी गेल्यावर बाबांना सांगितलं नाही. त्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं. ते जेवत होते. मी म्हटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी आईचं काहीतरी निघालं. आठवडा गेला. मग असं वाटू लागलं की आता अचानक काय काढायचा तो विषय. ते विसरलेही असतील.

ते विसरले नव्हते. डाव्या डोळ्याची तारीख आली तेव्हा ते नाही म्हणाले.

"कावून?" आईने कारण विचारलं.

"एक डोळा खोटा झाला. दुसरा कावून करू? याच्यानं पिवळं का होईना, पण जुनं ओळखीचं दिसते."

मी तिथेच होते. हातात कपड्यांची घडी होती. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मी पुन्हा समजावलं, भिंग पिवळं पडतं वगैरे. पण ते मी पुस्तकातलं सांगितल्यासारखं सांगितलं. ज्या एका गोष्टीने त्यांची खात्री पटली असती, ती सांगितली नाही. ते ऐकून घेत म्हणाले, "तूच तर म्हणाली होती ना बाई, गडबड होते म्हणून." त्यात टोमणा नव्हता. माझा शब्द त्यांनी मानला होता, इतकंच. मी शिकलेली होते आणि माझ्याकडे यंत्र होतं.

हळूहळू त्यांचं कारखान्यात जाणंही थांबलं. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, मग नाहीच. दुपारी चहा झाला की ते ओट्यावर बसून राहत. आई म्हणायची, "जा ना तिकडं, माझ्या मागं बसून काय भाजी मोजता." ते म्हणत, "गुडघे दुखते." गुडघे आईचे दुखत होते. बाजारात टोमॅटो घेतानाही ते आईला विचारू लागले, हे पिकलं का. मी हे सगळं पाहत होते. दोन वर्षं पाहत होते. माझी पदवी झाली, त्या दिवशी पेढे वाटताना ते शेजाऱ्यांना सांगत होते, "पोरगी लय बारीक पाहते." मी आत निघून गेले.

छातीच्या आजाराने ते गेले. त्याचा डोळ्यांशी काही संबंध नव्हता. हे मी स्वतःला बजावते आणि त्याने काही फरक पडत नाही.

तेरवीला कारखान्याचा मालक आला होता. जेवायला बसायच्या आधी तो मला म्हणाला, "बाबूजी ने आना छोड़ा, तब से छिन्नी रोज़ वापस आती है. हम कितनी बार बोले, बाबूजी आइए. बोलते थे, अब मेरी आँख का भरोसा नहीं, बिटिया ने मशीन से देखा है." मी त्याच्या पानात वरण वाढलं. तूप वाढलं. पुढच्या पानाकडे गेले.

तेव्हाही मी गप्प राहिले, आणि आताही राहिले असते. पण गेल्या महिन्यात आईच्या डोळ्यांची तपासणी झाली. तिलाही मोतीबिंदू निघाला. घरी येताना ऑटोत ती म्हणाली, "मले नाई करायचं. तुया बाबाचं काय झालं पाह्यलं न. ऑपरेशन झालं अन् खोटंनाटं दिसायले लागलं. शेवटपर्यंत बिचाऱ्याले स्वतःच्या डोळ्यावर इश्वास नाई रायला."

घरी पोचून मी तिला पाणी दिलं आणि समोर बसले. कुप्या, झाकणं, चौथी, पाचवी, सगळं सांगितलं. तिला क्वांटम डॉट कळायचं कारण नव्हतं, पण झाकणं उलटी लागली हे कळायला काही शिकावं लागत नाही. मसाल्याच्या डब्यांचं तेच होतं.

"म्हणजे त्यांचं बरोबर होतं," ती म्हणाली.

"हाव."

"अन् तुले कधी समजलं?"

"आठ दिवसांनी."

पाण्याचा पेला तसाच हातात होता. मी वाट पाहत होते की ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

"सांगतलं असतं तर हासले असते ते," शेवटी ती म्हणाली. "सगळ्या गल्लीत सांगत फिरले असते, पोरीचं मशीन हारलं म्हणून. तुले काई बोलले नसते."

मला हे माहीत होतं. लपवायला मुळात काही नव्हतंच, हे मला त्या आठवड्यातही माहीत होतं. जे सांगितल्याने मला कुणीही दुखावणार नव्हतं, तेच मी त्यांच्यापासून दोन वर्षं लपवलं. का, याचं उत्तर मी शोधत बसले आहे आणि मिळतं ते फार लहान आहे. मला चुकलेलं दिसायचं नव्हतं. चारचौघांतही नाही, आणि घरात तर त्याहून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "मले सांगून काय होते? त्या कारखान्यात जाऊन सांग. तिथं खोटे ठरले ते."

मी गेले. मालक कानशीने पहारीचं टोक घासत होता. मी उभ्यानेच सांगितलं. त्याने कानस थांबवली नाही, फक्त हात मंद झाला. माझं सांगून झाल्यावर तो आतल्या कामगाराला ओरडून म्हणाला, "सुना? बाबूजी सही देख रहे थे." आत धार लावायची सान चालू होती. मग माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "हमने भी तो मान लिया था, दीदी. पूछना चाहिए था, एक छिन्नी सामने रख के. नहीं पूछा." त्याने स्वतःला माझ्या शेजारी आणून उभं केलं, हा त्याचा चांगुलपणा. मला तो घेता आला नाही. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, मला डॉक्टरांनीही सांगितलं होतं आणि यंत्रानेही.

आईने ऑपरेशनची तारीख घ्यायला लावली. मात्र त्या दिवशी सोबत शेजारच्या काकूंना नेलं. "तू नको येऊ," एवढंच म्हणाली. मी हट्ट केला नाही. दोघी ऑटोने गेल्या, मी घरी थांबून खिचडी केली.

औषधाचे थेंब मात्र ती माझ्याकडूनच घालून घेते, कारण काकूंचा हात कापतो. दिवसातून सहा वेळा. ती पलंगावर पडते, डोळा उघडा ठेवते आणि वर पाहते. मी खालची पापणी जराशी ओढते आणि थेंब पडेपर्यंत श्वास रोखून धरते. ती डोळा मिटून घेते, पाच मिनिटं तशीच पडून राहते. मी बाटलीचं झाकण लावून तिथेच बसते. मग ती विचारते, किती वाजले, आणि मी सांगते.